मी सांगतो म्हणून

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. उद्या सगळं सुरळीत झाल्यावर दहा जण श्रेय घ्यायला पुढे येतील, तेव्हा पुरावा हवा. कारखान्यात ईआरपी येतंय आणि ते मी आणतोय. स्टोअर, खरेदी, मशीन, डिस्पॅच, सगळं एका कॉम्प्युटरमध्ये. कुठली बिजागरी कधी बनणार, कधी निघणार, ते आधीच ठरलेलं. हा निर्णय पूर्णपणे माझा.

दरवाजेवाल्यांच्या, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या, पत्राचा याच्याशी काहीही संबंध नाही. पत्र काल आलं. चार ओळी, खाली त्यांच्या खरेदीच्या मॅडमची सही. गेल्या वर्षी आमच्या शंभर खेपांतल्या फक्त अठ्ठावन्न ठरल्या तारखेला पोचल्या म्हणे. लोकांना मोजण्याशिवाय उद्योग नाहीत. मेअखेर त्या येऊन बघणार. जूनमध्ये शंभरातल्या नव्वद खेपा वेळेवर पाहिजेत, नाहीतर जुलैपासून काम समोरच्याला.

समोरचा म्हणजे खरोखरच समोरचा. रस्त्यापलीकडे त्याचं गेट. आमच्या वडिलांच्या हाताखाली फिटर होता, आता स्वतः बिजागऱ्या करतो. त्याच्याकडे दोन वर्षांपासून ईआरपी आहे आणि गेटवर तशी पाटीही लावलीय. निर्लज्ज माणूस.

आमच्याकडे अडतीस माणसं. त्यातल्या पंचवीस जणांचं काम एकट्या दरवाजेवाल्यांवर चालतं. ते गेले तर पंचवीस घरं बसली. म्हणून संकल्प: शिस्त. आणि रागवायचं नाही, डॉक्टरांनीही सांगितलंय.

९ जानेवारी

ईआरपी बसवायला सल्लागार आला. चाळिशीचा, चष्मा, पाठीला बॅग. दर वाक्यात प्रोसेस. बसायची प्रोसेस काय, चहाची प्रोसेस काय. मी त्याचं नावच प्रोसेस ठेवलं.

उशीर नेमका कुठे होतो, विचारत होता. मी एका शब्दात सांगितलं: माणसं. त्याने लिहून घेतलं. मग म्हणे बाकीच्यांशी एकेकट्याने बोलायचंय. माझ्या कारखान्यात, मला बाहेर बसवून! मेहुण्याशी दीड तास बोलला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, प्रॉडक्शन बघतो. सज्जन आहे, पण त्याला आवाज नाही. आवाज नसलेला माणूस प्रॉडक्शन काय बघणार? काय बोललास विचारलं, तर काही नाही भाऊजी, मशीन दाखवली म्हणाला. दीड तास मशीन दाखवली. सहा मशीन आहेत.

२० जानेवारी

प्रोसेस आज माझ्या सकाळच्या फेऱ्यात मागे मागे फिरला. फेरा ही माझी पद्धत. नऊ ते साडेदहा शॉपमधून, म्हणजे मशीनच्या शेडमधून, चालायचं. कुणाचा फोन आला होता ते आठवायचं, आणि प्रेसवाल्याला सांगायचं, हे काढ, आधी ते लाव. वडील असंच करायचे. नजर, आठवण आणि हुकूम. याला मॅनेजमेंट म्हणतात.

हा बाबा हातात घड्याळ घेऊन. दीड तासात मी सात वेळा डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला लावला, असं त्याने मोजलं. एक डाय बदलायला पन्नास मिनिटं मशीन बंद राहते, म्हणाला. हे असं म्हणाला की जणू घरातलं कोणी गेलंय. मी म्हटलं, पन्नास मिनिटं लागतात कारण माणसं आळशी आहेत. तो बोलला नाही. पटलं असणार.

३ फेब्रुवारी

आज कोडवरून खडाजंगी. आमच्या मालाला नावं आहेत. सहा इंची जाड बिजागरी म्हणजे हत्ती. जुन्या कपाटांची बारीक म्हणजे म्हातारी. सगळ्यांना माहीत. प्रोसेसला प्रत्येकाला नंबर हवा, आधी लांबी, मग जाडी, मग धातू, म्हणजे नवीन माणसालाही वाचून कळेल. नवीन माणसाला कशाला कळायला पाहिजे?

शेवटी माझंच चाललं. नंबर मी दिले. जो माल ज्या क्रमाने आपण बनवायला घेतला त्या क्रमाने, वडिलांच्या काळापासून. आता कोणता नंबर कशाचा हे फक्त मलाच सांगता येतं. समोरच्याचा हेर आला तरी डोकं धरून बसेल. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

१७ फेब्रुवारी

प्रोसेस म्हणतो, सिस्टीम सुरू करायच्या आधी स्टोअर मोजा. कारखाना दोन दिवस बंद ठेवून प्रत्येक खोका, प्रत्येक पिन. दोन दिवस बंद! मी म्हटलं, बाबा रे, हा कारखाना माझ्या डोक्यात आहे.

आणि दाखवून दिलं. खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि अकराशे चाळीस वस्तूंचे आकडे चार तासांत तोंडपाठ सांगितले. पितळी पिना आठ हजार. वॉशर बारा हजार. स्टोअरच्या ताई टाइप करत होत्या. बावीस वर्षं स्टोअर सांभाळतात, चिठ्ठी दिल्याशिवाय खिळा देत नाहीत, मलाही. मांडीवर त्यांचं रजिस्टर उघडं होतं. मधे तीनदा काहीतरी बोलायला गेल्या. मी हात वर केला. लय तुटते.

शेवटी त्यांनी सगळी यादी छापली, आणि खाली लिहिलं की हे आकडे मालकांनी सांगितले, आणि माझ्यापुढे सहीला ठेवली. मी ऐसपैस सही केली. अशा दिवसाची आठवण कागदावर असावी.

२ मार्च

सुरू झालं! सगळ्यांना गोळा करून भाषण केलं. आजपासून तोंडी काही नाही. जे काय असेल ते सिस्टीममध्ये. आठवड्याचं वेळापत्रक सोमवारी कॉम्प्युटर लावेल आणि ते ब्रह्मवाक्य. मोडणाऱ्याची गय नाही. मेहुणा टाळ्या वाजवत होता. ताई नव्हत्या वाजवत.

फक्त एक गोष्ट मी प्रोसेसकडून भांडून घेतली. मालकासाठी वेगळं बटण. ते दाबलं की ठरलेलं वेळापत्रक बाजूला आणि मी सांगेन ते काम पुढे. तो तयारच नव्हता. म्हणे सिस्टीमची सगळी मेहनत वाया जाते. अरे, माझ्या घरात मी दार वाजवून येऊ? शेवटी दिलं, पण अट घातली की दर वेळी कारण लिहायचं. लिहू की. बटण लाल करून घेतलं.

३ मार्च

बटण दाबलं. एकदाच. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांच्या जावयाचं कपाट, म्हातारीचे चार जोड. कारण चार ओळींत सविस्तर लिहिलं, त्या गृहस्थांचे आमच्यावरचे उपकारही लिहिले.

६ मार्च, सकाळी १०

आज पाच वेळा. कारणं लिहून लिहून बोटं दुखली. धंदा करायचा की निबंध लिहायचा? पाचव्या वेळी सरळ लिहिलं, मी सांगतो म्हणून. सिस्टीमने घेतलं! निमूटपणे. सॉफ्टवेअर आमच्या माणसांपेक्षा शहाणं आहे.

१९ मार्च

डोकं फुटायची वेळ आली आहे. दरवाजेवाल्यांचा हत्तींचा मोठा माल, उद्या खेप, आणि पितळी पिना संपल्या. सिस्टीम म्हणते चार हजार शिल्लक. खोकं रिकामं. मी स्वतः हात घालून पाहिला, तळाला एक मेलेली पाल. आणि सिस्टीमला वाटतंय पिना आहेत, म्हणून तिने नवीन मागवल्याच नाहीत. पिनेशिवाय बिजागरी म्हणजे पत्र्याचे दोन तुकडे.

ताईंना शॉपमध्ये बोलावलं, सगळ्यांसमोर. बावीस वर्षं काय झोपा काढल्या का, असं विचारलं. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. आवाज जरा चढला. समोरच्याच्या गेटवरची माणसं बघत होती, म्हणजे थोडा जास्तच चढला असावा. ताईंनी आत जाऊन कागद आणला, माझ्या सहीचा. मी म्हटलं, कागद दाखवू नका, आपण आता कॉम्प्युटराइज्ड झालो आहोत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

२० मार्च

ताई आल्या नाहीत. राजीनामा मेहुण्याच्या हाती पाठवला. दोन ओळी. वर तारीख, खाली सही, मधे कारणाचा एक शब्द नाही. कारण लिहायची शिस्तच नाही कुणाला.

जाऊ दे. कुणावाचून कुणाचं अडत नाही. स्टोअर मी बघतो.

२४ मार्च

स्टोअर मी बघतोय. सकाळपासून म्हातारीचे वॉशर शोधले. नंबर मीच दिला होता, तीनशे सतरा किंवा सातशे तेरा. सातशे तेरामध्ये तेलाचे डबे निघाले. प्रोसेस म्हणाला, लांबीप्रमाणे नंबर दिले असते तर. त्याला मी वाक्य पुरं करू दिलं नाही.

वॉशर दुपारी तीनला सापडले. मी टेकून बसलो होतो त्याच खोक्यात होते. ताईंनी ते असे कोपऱ्यात का ठेवावेत? जाता जाता केलेली कुरापत, दुसरं काय.

२ एप्रिल

मार्चचा आकडा आला. शंभरात एकेचाळीस. आधी अठ्ठावन्न होता! लाख मोलाची सिस्टीम आणून सतरा खाली. मॅडमचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, जून लक्षात आहे ना. बस, इतकंच. फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर जूनभोवती कागद फाटेपर्यंत गोल काढले. रागाने.

समोरच्याच्या गेटमधून आज तीन गाड्या बाहेर पडल्या. मोजत नव्हतो, दिसल्या.

संकल्प: उद्यापासून रागवायचं नाही, म्हणजे नाही. पाणी प्यायचं. दहा आकडे मोजायचे.

३ एप्रिल, सकाळी ९.२०

मोडला. पॅकिंगवाल्याने मुद्दाम केलं.

१० एप्रिल

काल जेवताना बायको म्हणाली, तिचा भाऊ हल्ली कमी जेवतो. मी म्हटलं, मग वजन उतरेल, बरंच आहे. तिने ताट उचललं आणि आत गेली. तिच्या माहेरची माणसं हळवी आहेत. कारखाना हळवेपणावर चालत नाही.

पण एक संशय पक्का होतोय. वेळापत्रक सोमवारी लागतं आणि मंगळवारी दुपारपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. आतलं कोणीतरी मोडतंय. दर दिवशी, पद्धतशीर. मी तर आठवड्यातून फार तर दोन-तीनदा बटण दाबतो, तेही अगदी नाइलाज असेल तेव्हा. मेहुण्याला थेट विचारलं, तू मोडतोस का? तो माझ्याकडे बघतच राहिला. चोराची नजर अशीच असते.

२१ एप्रिल

प्रोसेसला धरला. म्हटलं, तुझ्या सिस्टीममध्ये कोणी काय मोडलं याची नोंद असते की नाही? म्हणाला, प्रत्येकाची असते, नाव, तारीख, वेळ, कारण, सगळं. मग काढ की! म्हणाला, काढतो, आधी तुम्ही एकट्याने बघा. एकट्याने का? लपवायचं काय आहे? मी सांगितलं, मेअखेर मॅडम येणार आहेत, तेव्हा भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांसमोर दाखव. एकदाचा सोक्षमोक्ष.

त्याने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. याचा अर्थ स्पष्ट आहे, हा मेहुण्याला सामील आहे.

४ मे

मेहुणा सलग दुसऱ्या रविवारी स्टोअरची किल्ली मागून घेऊन गेला. साफसफाई करतो म्हणाला. करू दे. शेवटी धाक बसतोच.

१२ मे

आनंदाची बातमी. गेला आठवडाभर सिस्टीममधला स्टोअरचा आकडा आणि खोक्यातला माल तंतोतंत जुळतोय. पिना वेळेआधी मागवल्या गेल्या, वेळेआधी आल्या. म्हटलं होतं मी, सिस्टीमला वेळ द्या, ती आपली आपण शिकते. प्रोसेसला हे सांगितलं. त्याने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने छताकडे.

तरी खेपांना उशीर होतोच आहे. म्हणजे माल आहे, मशीन आहेत, फक्त वेळापत्रक कोणीतरी मोडतंय. सापडेल. दिवस भरलेत त्याचे.

२८ मे, संध्याकाळी

काय लिहू.

मॅडम अकराला आल्या. मीटिंगच्या खोलीत मी, मेहुणा, प्रोसेस, सहाही प्रेसवाले आणि पॅकिंगचे दोघे. प्रेसवाल्यांना मीच बोलावलं होतं, गुन्हेगार कोण ते त्यांनाही कळावं म्हणून. सुरुवातीला पाच मिनिटं मी बोललो. म्हटलं, आज इथे एका माणसाचा मुखवटा गळून पडणार आहे. मेहुण्याकडे बघूनच म्हटलं.

मग प्रोसेसने भिंतीवर लावलं. वेळापत्रक मोडल्याच्या नोंदी, दोन मार्चपासून: चारशे बारा. त्यातल्या वीज गेली म्हणून, मशीन बिघडलं म्हणून, अशा सोळा. उरलेल्या तीनशे शहाण्णव एका नावावर. मालक.

मेहुण्याच्या नावावर शून्य.

मी म्हटलं, कोणीतरी माझा पासवर्ड चोरला. प्रोसेसने वेळा दाखवल्या. नऊ पाच, नऊ बारा, नऊ चाळीस, दहा वीस. रोज नऊ ते साडेदहा. फेऱ्याची वेळ. एक प्रेसवाला खोकला.

मग मॅडमनी चष्मा लावला आणि कारणं वाचली. मोठ्याने, एकेक, जशी पोस्टात नावं पुकारतात तशी. मी सांगतो म्हणून, दोनशे एकाहत्तर वेळा. सांगितलं ना, अठ्ठेचाळीस वेळा. कारण विचारू नये, तेवीस. गप, नऊ. एका ठिकाणी नुसतं टिंब होतं. मॅडमनी मान तिरकी करून विचारलं, इथे काय म्हणायचं होतं. मला आठवेना.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी एकेकाला झोडपून काढला असता. ते सगळे खाली बघत होते. माझी लाज त्यांना वाटत होती! मला त्यांचा भयंकर राग आला.

मॅडमचा निर्णय असा. जूनचा महिना ठरल्याप्रमाणे देणार, पण जूनभर माझ्या नावापुढचे सगळे अधिकार काढायचे. मला सगळं दिसेल, काही बदलता येणार नाही. शंभरात नव्वद आल्या तर दोन वर्षांचा करार, नाहीतर समोरचा. आणि मला विचारलं, मान्य आहे का. माझ्याच खोलीत. मेहुणा हळूच म्हणाला, भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं. हा आवाज नसलेला माणूस असं काहीतरी बोलतो की ओरडताही येत नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२९ मे

बायकोला सगळं सांगितलं, तिच्या भावाने कसा डाव टाकला ते. ती कपडे घड्या करत होती. घड्या करता करता म्हणाली, समोरच्याने त्याला फेब्रुवारीतच बोलावलं होतं, जास्त पगारावर, स्वतंत्र केबिन देऊन. तो गेला नाही. रविवारी त्या ताईंच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला, त्यांना घेऊन दोन रविवार सबंध स्टोअर मोजलं, पिन न् पिन. त्या पोराने तुमचा कारखाना धरून ठेवलाय आणि तुम्ही त्याला चोर म्हणालात, म्हणाली. पंचवीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं का? ती म्हणाली, तुम्हाला सांगायची सोय आहे का?

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून जास्तच आला.

३१ मे

मान्य केलं. पण लोकांना वाटतंय तसं नाही, हा डावपेच आहे. महिनाभर मी बाजूला. पहिल्या आठवड्यात गोंधळ, दुसऱ्या आठवड्यात बोंबाबोंब, तिसऱ्या आठवड्यात सगळे माझ्या दारात रांग लावून. मग मी बघतो कोणाला किती रडायचंय ते.

२ जून

ताई परत आल्या. अट घातली, स्टोअरमध्ये कोणी आवाज चढवायचा नाही, आणि ती लेखी मागितली. मेहुण्याने लिहून दिली. कागद स्टोअरच्या दारावर चिकटवलाय. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. मीही केला. माफी मागावी असं क्षणभर वाटलं होतं, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

६ जून

लाल बटण आता राखाडी झालंय. दाबलं तर काही होत नाही. वीस-एक वेळा दाबून बघितलं.

केबिनमध्ये बसून स्क्रीन बघतो. हिरव्या रेघा, पिवळ्या रेघा. हत्ती चार नंबरच्या मशीनवर, संपायला दोन तास. खरंच दोन तासांत संपला. योगायोग.

१० जून, सकाळी ९.३०

राहवेना. सवयीने फेऱ्याला गेलो. तीन नंबरच्या प्रेसवाल्याला म्हटलं, हे काढ, म्हातारी लाव. याला मी हातात कानस कशी धरायची ते शिकवलंय, त्याच्या लग्नात पुढच्या रांगेत बसलो होतो. त्याने मशीन थांबवली नाही. अदबीने म्हणाला, साहेब, सिस्टीममध्ये टाका ना. मी म्हटलं, मला टाकता येत नाही हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, हो साहेब. आणि मान खाली घालून काम करत राहिला.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. हात उचललाही. मग त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला.

१९ जून

साठ खेपा गेल्या, सत्तावन्न वेळेवर. तिसरा आठवडा चालू आहे. रांग लागलेली नाही. लोक सुरुवातीला काहीतरी करून दाखवतात, नंतर कोसळणारच, अशी माझी खात्री आहे. आज दोन खेपांना उशीर व्हावा असं मनात आलं. मग लक्षात आलं, माल तर आपलाच आहे. जीव चरचरला. पण आलं होतं मनात.

शॉपमध्ये आज कोणीतरी गाणं गुणगुणत होतं. वडिलांच्या काळापासून आमच्या शॉपमध्ये कोणी गाणं म्हटलेलं नाही.

३० जून

शंभरात चौऱ्याण्णव.

मॅडम आल्या, दोन वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. सही मी केली, मालक मीच आहे. मॅडमनी हात मिळवला आणि माझ्या सहकार्याबद्दल आभार मानले. सहकार्य! मग मेहुण्याशी अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. ताईंशीही. पंचवीस जणांची घरं वाचली, सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. एक-दोघांनी माझ्याही पाठीकडे हात नेला आणि परत घेतला.

शेवटी ईआरपी आणायचा निर्णय कुणाचा होता? माझा. जानेवारीतच लिहून ठेवलंय.

प्रोसेसला म्हटलं, जून संपला, आता माझे अधिकार दे परत. म्हणाला, देतो, फक्त मेहुण्यांनी हो म्हणायला हवं, आता ती प्रोसेस आहे. मेहुण्याकडे गेलो. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाला, भाऊजी, राहू द्या ना थोडे दिवस. एवढंच म्हणाला. मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही, ते सबंध रस्ताभर विचार करत घरी आलो.

७ जुलै, सकाळी ९

ठरलं. आज जात नाही. कुणाला कळवलेलंही नाही. तीस वर्षांत आजारपण सोडून एकही दिवस चुकवलेला नाही. खुर्ची रिकामी दिसली की कळेल. साडेनऊपर्यंत पहिला फोन यायला हवा.

सकाळी १०.१५

नाही आला. कामात असतील.

सकाळी ११

मेहुण्याला तरी प्रश्न पडायला हवा की नाही, माणूस जिवंत आहे की नाही? बायकोने दोनदा विचारलं, आज घरी कसे. मी म्हटलं, घरूनच बघतोय सगळं. स्क्रीन उघडून बसलो. सगळं हिरवं आहे. संताप आणणारा रंग आहे हा.

सकाळी ११.४०

फोनच बिघडला असणार, दुसरं काही कारण असूच शकत नाही. बायको आत होती, तिचा फोन टेबलावर होता. त्यावरून माझा नंबर लावला. माझा फोन चांगला खणखणीत वाजला.

बायकोने आतून विचारलं, कुणाचा फोन? मी म्हटलं, कारखान्यातून. ती म्हणाली, मग उचला की, अडलं असेल काहीतरी त्यांचं.

उचलला. दोन मिनिटं चांगलं खडसावलं.